वणवा एकच, मग नकाशे दोन कशाला?

संपादक महोदय,

वणव्याच्या बातमीला ‘यंत्रणा नुसती बघत बसली’ असं हेडिंग दिसलं की मला राग येतो, कारण जिथे रस्ताच नाही अशा डोंगरात आग लांबून बघत राहणं हा बऱ्याचदा पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय असतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 2001 साली थर्टीमाइल वणव्यात चार फायरफायटर जिवानिशी गेले, पुढे रस्ता संपत होता आणि मागचा आगीने अडवला. त्यानंतर माणसं आत पाठवताना दहादा विचार होणारच, झालाच पाहिजे.

खरा घोळ पुढे होतो, असा वणवा देशाची हद्द ओलांडतो तेव्हा. त्याच भागात 2017 च्या जुलैत पासेटेनच्या जंगलात डायमंड क्रीक वणवा लागला आणि ऑगस्टअखेर कॅनडातल्या कॅथेड्रल पार्कात घुसला. तिथे हद्द म्हणजे झाडं तोडून ठेवलेला जेमतेम 6 मीटरचा पट्टा, वाऱ्यावर उडणाऱ्या ठिणग्यांना तो काय अडवणार! त्यात पलीकडे ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे कॅनडाच्या त्या प्रांतात, त्या वर्षी सुमारे 12 लाख हेक्टर जळालं, जुलैपासूनच आणीबाणी जाहीर होती, मग दुर्गम डोंगरासाठी माणसं आणायची कुठून?

मदतीचा करार नाही असं नाही, 1982 पासून दोन्ही देशांत आहे, पथकं आणि विमानं इकडून तिकडे जातात. पण आग एकच असून एकीकडे एकर मोजतात दुसरीकडे हेक्टर, एकीकडे ‘इतके टक्के कंटेन’ (म्हणजे आगीच्या कडेचा तेवढा भाग अडवला) म्हणतात तर दुसरीकडे ‘आउट ऑफ कंट्रोल’ (आटोक्याबाहेर) की ‘बीइंग हेल्ड’ (आहे तिथे रोखून धरलेली) ते सांगतात, लोकांनी नक्की काय समजायचं? आणि आग डोंगराच्या कुठल्या धारेवर अडवायची, कुठे जळू द्यायची, हे पथक मागवून ठरत नाही हो, ते उन्हाळ्याआधी दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून, एकाच नकाशावर ठरवायला हवं, म्हणजे आग अमुक ओढ्यापर्यंत आली की लगेच पलीकडे फोन, तमुक धार ओलांडली की दोन्हीकडचे अधिकारी एकाच कॅम्पात. आग हद्दीपासून लांब असते तेव्हाच याला वेळ मिळतो.

आपल्याला एक विनंती, अशा बातमीचा नकाशा हद्दीवर कापू नका, पलीकडचाही छापा, आणि पलीकडच्यांना पहिल्यांदा कधी कळवलं ते आपल्या बातमीदारांना जरूर विचारायला सांगा.

आपला,
एक नियमित वाचक