सी लाउंजमधल्या त्या दादांना, बशीबद्दल थँक्यू

दादा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून असं जाहीर लिहितोय. परवा ताजच्या पहिल्या मजल्यावर, सी लाउंजच्या खिडकीपाशी काठी टेबलाला टेकवून नऊवारीतली एक म्हातारी बसली होती ना, ती माझी आई.

माझे बाबा गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर खलाशी. आयुष्यभर त्यांनी त्या खिडक्या पाण्यातून बघितल्या, आत कधी पाय ठेवला नाही. पण प्रवाशांना सगळं रंगवून सांगायचे, की ताज १९०३ चं आणि गेटवे पुरा झाला १९२४ ला म्हणजे हॉटेलच थोरलं, पहिल्या महायुद्धात इथे हॉस्पिटल होतं, आणि वर त्या खिडक्यांत पियानो ऐकत बड्या घरांतली लग्नं जमतात. आईला म्हणायचे, रिटायर झालो की तिथे चहा पाजतो तुला. २००८ च्या नोव्हेंबरात तो धूर बघत टीव्हीसमोरून हलले नाहीत, आणि २०१० च्या १५ ऑगस्टला जुनी इमारत परत उघडली तेव्हा पेढे घेऊन आले, जसं काही घरचंच माणूस दवाखान्यातून सुटलं. चहा मात्र राहिला तो राहिलाच. मागच्या वर्षी गेले.

खरं सांगू, आम्ही घाबरतच आलो होतो. आईच्या पंचाहत्तरीला तिला दुसऱ्या एका भारी हॉटेलात नेलेलं, नाव घेत नाही. दारातल्या साहेबांनी आधी तिच्या चपलांकडे बघितलं मग माझ्याकडे, आणि टेबल नाही म्हणाले. आत निम्मी टेबलं रिकामी दिसत होती हो! आई टॅक्सीत एवढंच बोलली, "मी नवीन चपला घालायला हव्या होत्या." अजून ते आठवलं की डोकं सणकतं.

तर परवा चहा आला, आईने सवयीने बशीत ओतला, बशी पडली उथळ, सांडला सगळा पांढऱ्या कापडावर. मी हळूच खेकसलो, "अगं कपाने पी ना." तिने हातच आखडता घेतला. (लाज मला वाटायला हवी होती, वाटली, पण उशिरा.) तेवढ्यात तुम्ही आलात, डागावर नॅपकिन टाकलात, एक खोलगट वाटीसारखी बशी ठेवलीत आणि म्हणालात, "मावशी, ती बशी उथळच आहे, यातून घ्या." बस. दोष बशीचा. आणि उगाच हसत-बिसत न थांबता निघून गेलात.

मग आई फुंकर मारत निवांत प्यायली. खाली लाँच एकीला एक लागून उभ्या होत्या, त्यातली एक दाखवून म्हणाली, "तिथे लागायची यांची." अर्धा तास बोलत होती, बाबा गेल्यापासून इतकी बोललीच नव्हती.

२००८ ला इथला स्टाफ पाहुण्यांना सोडून गेला नाही हे बाबा कायम सांगायचे, मला ते पेपरातलं वाटायचं. आता वाटत नाही. माणसाला ओशाळं होऊ न देणं कुठल्या ट्रेनिंगमधे शिकवत असतील असं मला तरी वाटत नाही, ते घरूनच येत असणार.

आणि हो, आईचा निरोप आहे, बशी झकास होती पण चहा फिका. पुढच्या वेळी पदराला आल्याचा तुकडा बांधून आणते म्हणाली.