लिथियम बॅटरीतील आयन पाण्यातून जात नाहीत

महोदय,

विजेच्या दुचाकींसाठी वाहनतळात चार्जिंगची सोय करावी की नाही, यावर आमच्या नौपाड्यातील सोसायटीची नुकतीच सभा झाली. तीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तसे डिस्टिल्ड वॉटर यातही घालावे लागते का?" प्रश्न अगदी स्वाभाविक होता. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना मीही आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले कण, म्हटले की फळ्यावर पाण्याने भरलेले चंचुपात्रच (बीकर) काढत आलो. वृत्तपत्रांतील विज्ञानविषयक लेखही बहुधा त्या चंचुपात्राच्या पुढे जात नाहीत, म्हणून हे पत्र.

विजेच्या दुचाकींत बहुधा असते त्या लिथियम-आयन बॅटरीत पाण्याचा अंशही चालत नाही. तिच्यात एथिलीन कार्बोनेट, डायमिथाइल कार्बोनेट यांसारख्या सेंद्रिय द्रावकांत (विरघळवणाऱ्या पदार्थांत) बहुधा लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार विरघळवलेला असतो आणि ओलावा शिरला की या क्षारापासून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते. आषाढात आपल्या खाडीकाठच्या हवेत मिठाला कसे पाणी सुटते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या बॅटरीचे घट (सेल) अत्यंत कोरड्या हवेच्या खोल्यांतच का जुळवावे लागतात हे वेगळे सांगायला नको.

बॅटरीच्या दोन विद्युतअग्रांच्या (इलेक्ट्रोडांच्या) मध्ये पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लॅस्टिकचा, सुमारे 25 मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र पडदा असतो आणि आयन ज्यांतून जातात ती त्याची छिद्रे नॅनोमीटरमध्ये (मायक्रोमीटरच्या हजाराव्या भागात) मोजावी लागतात. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने असा तुकडा मला आणून दाखवला. दिसायला तो पांढऱ्या पातळ पिशवीसारखा. त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा गोल राहिला. डायमिथाइल कार्बोनेटचा थेंब मात्र क्षणात पसरला आणि तेवढ्या जागी पडदा पारदर्शक झाला, कारण छिद्रांतली हवा जाऊन तिथे द्रव शिरला होता.

या छिद्रांत पाण्याचे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. द्रव प्रभारांमधील ओढ किती पटीने कमी करतो हे सांगणारा आकडा म्हणजे त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक. पाण्याचा हा स्थिरांक सुमारे 80 असल्याने विरुद्ध प्रभारांमधील ओढ त्यात तेवढ्या पटीने कमी होते. ॲसिटोनायट्राइल या आणखी एका सेंद्रिय द्रावकाचा स्थिरांक सुमारे 36, तर डायमिथाइल कार्बोनेटचा जेमतेम 3 आहे. इतक्या कमी स्थिरांकाच्या द्रवात धन आणि ऋण आयन जोडीने फिरू लागतात आणि अशी उदासीन जोडी वीज वाहून नेत नाही. एथिलीन कार्बोनेटचा स्थिरांक सुमारे 90 आहे, पण ते 36 अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे ठाण्याच्या मे महिन्यातील दुपार सोडली तर एरवी घनच राहते. म्हणून त्यात पातळ द्रावक मिसळतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती छिद्राच्या भिंतीची गोष्ट. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकमध्ये कोरलेल्या छिद्राची भिंत पाण्यात प्रोटॉन (धनप्रभारित हायड्रोजन आयन) सोडून ऋणप्रभारित होते आणि धन आयनांना जवळ ओढते. अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी अशाच छिद्रांत लिथियम परक्लोरेट या क्षाराची अजलीय, म्हणजे पाण्याऐवजी दुसऱ्या द्रावकातील, द्रावणे भरली, तेव्हा तीच भिंत धनप्रभारित असल्यासारखी वागली. लिथियम आयन भिंतीला चिकटतात आणि द्रावकाचे ध्रुवीय (एक टोक किंचित धन, दुसरे किंचित ऋण असलेले) रेणूही तिच्यावर विशिष्ट दिशेने रांग धरतात, अशी त्याची दोन कारणे त्यांनी मांडली. थोडक्यात, छिद्रातून कोणत्या आयनाला सुलभ वाट मिळेल हे केवळ छिद्राच्या मापावर ठरत नाही. आणि मापाबद्दलची आपली समजूतही पक्की नव्हती. द्रावणात आयनाभोवती द्रावकाच्या रेणूंचे वेष्टन असते. या वेष्टनासह असलेल्या आयनापेक्षा अरुंद छिद्रे सुपरकपॅसिटर या प्रभार साठवणाऱ्या साधनामध्ये निरुपयोगी मानली जात. 2006 मध्ये ॲसिटोनायट्राइलमधील द्रावण वापरून दिसले की 1 नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रांच्या कार्बनची धारकता (प्रभार साठवण्याची क्षमता) उलट वाढते, कारण आयन आपले वेष्टन उतरवून आत शिरतात.

नवी मुंबईच्या रस्त्यांवर विजेच्या बसगाड्या रोज धावतात आणि रबाळे-महापे पट्ट्यात द्रावकांची पिंपे हाताळणारी आपलीच मुले आहेत. तेव्हा आपल्या विज्ञान पुरवणीत अजलीय द्रावणांवर मराठीत सविस्तर लेखमाला यावी, ही कळकळीची विनंती आहे. महाविद्यालयांनीही निदान एक तास यासाठी द्यावा. एका परीक्षानळीत पाणी, दुसरीत ॲसिटोन घेऊन दोन्हींत चिमूटभर मीठ टाकले, की पहिलीतले मीठ दिसेनासे होते आणि दुसरीतले वाळूसारखे तळाशी बसून राहते. ठाण्यातील ज्या महाविद्यालयाला हवे असेल तिथे हा प्रयोग आणि त्या पडद्याचा तुकडा घेऊन मी स्वतः येईन.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
नौपाडा, ठाणे