नाव न घेता आभार

नागपुरात मी बाल संरक्षणाचं काम करते. मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. ते २४ तास तुमच्यासारख्यांच्या जिवावर निभतात.

शेजारच्या काकू, रोजचं रडणं ऐकून तुम्ही १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केलात आणि दमदाटी झाली तरी जबाब फिरवला नाहीत. बहुतेक जण ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून दार लावून घेतात हो!

स्टेशनवरचे चहावाले दादा, तुम्ही त्या पोरीला एकही प्रश्न विचारला नाहीत. बशीत चहा ओतून, फुंकर मारून पुढे केलात. त्यानंतरच ती माझ्याशी बोलली.

आणि रात्री मेयो हॉस्पिटलला सोडणारे ऑटोवाले भाऊ, तुमचेही मनापासून आभार. मुलांची ओळख जपायची म्हणून तुमची नावं लिहीत नाही.