आईच्या लोशनबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "दोन मिनिटांच्या उन्हानं काय होणार? चांगली अर्धा तास बसवतो तिला." तेवढ्यासाठीच हे पत्र. वाचून झालं की औषधांच्या कपाटाला आतून चिकटवून ठेवा.

आईच्या कोडावरच्या लोशनमध्ये मेथॉक्सॅलेन नावाचं औषध आहे. ते नुसतं लावून काही होत नाही, उन्हातल्या अतिनील किरणांनी ते जागं होतं आणि मग कातडीवर काम करतं. म्हणजे खरा डोस मोजायचा तो घड्याळावर. दुकानात मिळणारं लोशन बहुधा एक टक्क्याचं असतं, त्यानं सहज फोड येतात. म्हणून डॉक्टरांनी ते पातळ करून दिलंय. ती बाटली संपली की परस्पर दुकानातून नवी आणू नका.

लावताना बाबांनी हातमोजे घालायचे. नाहीतर आईच्या डागाआधी तुमचीच बोटं भाजतील. डागाच्या कडेनं व्हॅसलीन लावा, म्हणजे औषध चांगल्या कातडीवर ओघळणार नाही. मग अर्धा तास सावलीत. मग डॉक्टरांनी लिहून दिलंय तेवढंच ऊन, ठरलेल्या वेळीच. लगेच साबणानं धुवायचं. आठवड्यातून दोनदा, लागोपाठच्या दिवशी कधीच नाही.

लागोपाठ का नाही, तर या औषधानं भाजलेलं त्याच दिवशी दिसत नाही. लाली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरात येते. "आज काहीच झालं नाही, उद्या वाढवू" इथेच लोक फसतात. डाग हलका गुलाबी झाला तर ठीक. लोशन लावायच्या पुढच्या दिवसापर्यंत लाली गेली नसेल तर तो दिवस सोडायचा. फोड आला तर सगळं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं, वर कोरफड-हळद काही नको.

आई, आता तुझ्यासाठी. धुतल्यावरही त्या दिवशी कातडी हळवीच असते. सनस्क्रीन लाव, लांब बाह्यांचं घाल, आणि त्या दिवशी गच्चीवर कुरडया राखायला बसू नकोस. एसटीत खिडकीची काच बंद असली तरी हे किरण आत येतात, ढगाळ दिवशीही येतात. लिंबं चिरलीस तर हात धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नकोस, लिंबाच्या रसातही याच जातीचं द्रव्य असतं.

शेजारच्या काकूंनी दिलेलं बावचीचं तेल मात्र बाजूला ठेव. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडचे वैद्य बावची लावून उन्हात बसवत, ते उगाच नव्हे. बाबा, इजिप्तमध्ये नाईलकाठच्या एका रानवनस्पतीचंही असंच होतं. 1940च्या दशकात तिच्यातूनच मेथॉक्सॅलेन वेगळं काढलं आणि कैरोच्या एल मोफ्ती या डॉक्टरांनी ते कोडावर वापरलं. बावचीतलं द्रव्य त्याच घराण्यातलं, म्हणून दोन्ही एकदम लावलं की दुप्पट डोस होतो.

बीपीच्या गोळीचं पाकीट बघा. नावापुढे 'एच' असेल तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं आणि त्यानं ऊन जास्त लागतं. गोळी बंद करू नका, फक्त त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

माघातल्या लग्नापर्यंत डाग भरतील असं धरून चालू नकोस, आई. आधी केसांच्या मुळाशी बारीक ठिपके येतात, मग ते एकमेकांना मिळतात. याला महिने लागतात. पायावरच्या डागांना वेळ लागेल, पण आशा आहे. बोटांच्या टोकांवर रंग फार कष्टानं येतो, तिथं केस नसतात. लग्नाला मात्र तू येतेच आहेस, नेहमीसारखी पुढे उभी राहून. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, दूध-मासे एकत्र खाऊन होत नाही. शरीराची संरक्षणयंत्रणाच रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते, एवढंच. कुणी हळदी-कुंकवाचं ताट मागे घेतलं तर मला सांग, त्यांच्याशी मी बोलेन.

महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी, त्याच वेळी डागांचा फोटो काढून पाठवा. आणि बाबा, गोळीचं नाव आजच कळवा.

तुमची,
लेक