तेलातली गाठ आणि शरीरातली गाठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-साताऱ्याकडच्या अभियांत्रिकी प्रकल्प प्रदर्शनांत ‘मायक्रोवेव्ह अँटेनाने स्तनाचा कर्करोग ओळखा’ हा विषय मुले हौसेने मांडतात. अँटेना स्तनात सूक्ष्मलहरी सोडतो आणि गाठीवरून परतणाऱ्या लहरी टिपतो. विषय मोलाचा आहे. क्ष-किरण नाहीत, स्तन दाबावा लागत नाही, शक्ती मोबाईलपेक्षाही कमी. पण तक्त्यावर ‘शंभर टक्के अचूक’ लिहिलेले असते, ते चुकीचे आहे.

चूक नमुन्यात, म्हणजे स्तनाऐवजी तपासायला घेतलेल्या प्रतिकृतीत आहे. वाडगाभर तेलात मिठाच्या पाण्याचा फुगा सोडतात. तेलाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ या लहरींना किती प्रतिसाद देतो, तो आकडा) 3 च्या आसपास, पाण्याचा 70 च्या वर. एवढ्या फरकात फुगा दिसणारच. शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींवर विस्कॉन्सिन आणि कॅल्गरी विद्यापीठांनी केलेले मोजमाप 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ आणि चरबी यांत दहापटीपर्यंत फरक मिळाला, पण गाठ आणि दूधग्रंथी यांत जेमतेम 10 टक्के. तरुण स्त्रियांत ग्रंथी दाट असतात, मॅमोग्राफीलाही (स्तनाच्या क्ष-किरण तपासणीलाही) तिथेच अडचण येते.

म्हणून नमुना जिलेटिन, पाणी आणि तेलाचा करावा. तेल 80 टक्क्यांच्या आसपास ठेवले की चरबीसारखा, 10 टक्क्यांवर आणले की ग्रंथीसारखा थर मिळतो. भांड्यांचा द्रवसाबण घातला नाही तर तेल वर तरंगते. हवेचे बुडबुडे राहू देऊ नयेत, ते खोट्या गाठी दाखवतात. झाकून ठेवावा आणि लगेच मोजावा. पाणी उडाले की आकडे बदलतात. बाहेरून त्वचेचा थर हवाच. त्वचेवरून येणारा प्रतिध्वनी गाठीच्या प्रतिध्वनीपेक्षा कितीतरी मोठा असतो. नमुन्याभोवतीचे अँटेनांचे कडे थोडे फिरवून दोन वाचने वजा केली की तो बराच कमी होतो.

अँटेनाची निवडही तपासा. 2.4 गिगाहर्ट्झच्या साध्या पॅच (चपट्या) अँटेनाची बँडविड्थ, म्हणजे वारंवारितेच्या पट्ट्याची रुंदी, 100 मेगाहर्ट्झ धरली, तर चरबीत खोलीचा भेद (एकामागच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसायला लागणारे अंतर) अर्ध्या मीटरहून जास्त येतो. स्तनाच्या गाठीसाठी तो निरुपयोगी. 5 गिगाहर्ट्झ बँडविड्थ मिळाली तर तोच दीड सेंटिमीटरच्या आत येतो. त्यासाठी रुंद पट्ट्याचा विवाल्डी किंवा स्लॉट अँटेना लागतो. 16 अँटेना असतील तर 120 जोड्या मोजाव्या लागतात. त्या काळात केबल जरा वाकली तरी फेज (लहरीच्या चढउताराची वेळ) सरकते आणि नसलेली गाठ उमटते. कॅलिब्रेशननंतर (मोजणी यंत्र प्रमाणाशी जुळवून घेतल्यावर) केबलला हात लावू नये.

परीक्षकांनी एवढेच मागावे: दहा नमुने, पाचांत गाठ, आणि वाचन करणाऱ्या विद्यार्थ्याला कोणत्या पाचांत ते ठाऊक नको. बिनगाठीच्या किती नमुन्यांत गाठ दाखवली, तो आकडा तक्त्यावर यावा.

प्रदर्शनाला आयाबहिणीही येतात आणि ‘आमची तपासणी होईल का?’ असे विचारतात. मुलांनी स्पष्ट ‘नाही’ म्हणावे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने दीड लाख स्त्रियांवर 20 वर्षे केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडला. तीच तपासणी कुठे करून घ्यायची, ते जवळच्या सरकारी रुग्णालयात विचारायला सांगावे. गाठ आधीच हाताला लागत असेल तर थेट डॉक्टरांकडे.

मायक्रोवेव्ह विषयाचे शिक्षक,
सांगली