चर्चचं मेंबर व्हायला नाही का म्हटलं

प्रिय आई-पप्पा,

जय ख्रिस्त. फोनवर हा विषय निघाला की आई रडवेली होते आणि पप्पा एकदम गप्प, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. डेन्मार्कच्या राष्ट्रीय लुथरन चर्चचं मेंबर व्हायला मी नाही म्हटलंय, पण विश्वास सोडलाय म्हणून नाही, हे आधी मनातून काढून टाका.

इथं चर्च आणि सरकार वेगळं काढताच येत नाही. १८४९ च्या राज्यघटनेतच लिहिलंय की लुथरन चर्च हे लोकांचं चर्च आणि त्याला राज्याचा आधार राहील. राजा त्याच चर्चचा असावा लागतो, मंत्रिमंडळात चर्चमंत्री असतो आणि चर्चचे कायदे पार्लमेंट करतं. गावागावातल्या मंडळ्या आपली कमिटी निवडतात, पाळकही तीच ठरवते, ते मला खरंच आवडतं. पण अख्ख्या चर्चच्या वतीने बोलेल अशी सभाच नाही.

पप्पा, तुम्हाला एक सांगते. ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारी इथं मोठा प्रार्थना दिवस असायचा, १६८६ पासून चालत आलेला, त्या दिवशी सगळ्या देशाला सुट्टी. २०२३ मध्ये सरकारने कायदा करून २०२४ पासून ती सुट्टीच बंद केली, का तर लोकांनी एक दिवस जास्त काम केलं की तिजोरीत भर पडेल आणि संरक्षणाचा खर्च भागेल. बिशप लोकांनी नाराजी सांगितली, युनियनवाले रस्त्यावर आले, पण बहुमत झालं आणि प्रार्थनेचा दिवस गेला. आपल्या मंडळीचा उपास-प्रार्थनेचा दिवस उद्या मुंबईत मंत्रालयात बसून कुणी रद्द केला तर तुम्ही ऐकून घेतलं असतं का?

आता पैशाचं. मेंबर झालं की चर्चटॅक्स इनकम टॅक्सबरोबरच कापला जातो, सरासरी एक टक्क्याच्या जरा खाली. तो वाचवायचा म्हणून मी बाहेर नाहीये, तसंही बिशपांचे पगार आणि पाळकांच्या पगारातला ४० टक्के हिस्सा सरकारी तिजोरीतून जातो, म्हणजे माझ्याही टॅक्समधून. पण आपल्याकडे हंगामाच्या सणाला कुणी भोपळा आणतं, कुणी गावरान अंडी, कुणी मेथीच्या जुड्या, उपासना झाली की आवारात लिलाव, आणि पप्पा चढी बोली लावून भोपळा घेणार आणि परत टेबलावर ठेवणार की पुन्हा बोली लागू दे. मी देणं तिथं शिकले. पगाराच्या स्लिपवरची कपात मला अर्पण वाटतच नाही, काय करू.

आणि पप्पा, आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांचं तुम्हीच सांगायचात ना, १९१७ साली मिशनचं काम सोडून त्यांनी देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा समाज काढला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळ्यांना जागा, परदेशी मिशनचा पगार नाही की हुकूम नाही. ते तुम्हाला विश्वास सोडणं वाटलं नाही, उलट किती अभिमानाने सांगायचात.

आई, तुझी काळजी कळते. बाळाची जन्मनोंद चर्चच्या ऑफिसातच झालीये, दक्षिणेकडचा एक भाग सोडला तर इथं सगळ्यांचीच तिथं होते, आमच्या मुसलमान शेजाऱ्यांच्या मुलीचीही झाली. दफनाचंही तसंच, कबरस्तानं बहुतेक चर्चचीच पण मेंबर नसला तरी जागा मिळते, फक्त खर्च जास्त येतो. आणि इथल्या पाळकबाई (इथं १९४८ पासून बायका पाळक होतात, हे मात्र आपल्याकडे किती उशिरा आलं) फार प्रेमळ आहेत, मी नाही म्हटलं तरी बाळाला बघायला आल्या. रविवारी मी इथल्या एका छोट्या मंडळीत जाते, खुर्च्या आम्हीच लावतो, भाडं आम्हीच भरतो, प्रभुभोजनाची भाकर आळीपाळीने घरून येते, पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे.

बाळाचा बाप्तिस्मा डिसेंबरात नगरलाच करायचाय, आपल्या मंडळीत. पाळकसाहेबांना नाताळच्या आधीचा रविवार चालेल का विचारून ठेवा, मग मी तिकिटं काढते.

तुमची,
ताई