चि. मुक्तास, नोकरी सोडल्यावर

इंदिरानगर, नाशिक

चि. मुक्ता, अनेक आशीर्वाद.

"बाबा, नोकरी सोडल्यावर करमतंय का तुला?" असं परवा फोनवर विचारलंस. करमतंय. सकाळी जॉगिंग ट्रॅक, येताना तुझ्या आईच्या नकळत मिसळ. दिवाळीत ड्रायफ्रूटचे डबे ठेवायला घरात जागा नसायची. यंदा दोनच आले, त्यातला एक पत्ता चुकून. डबे मला नाही, मी बसायचो त्या पर्चेसच्या, म्हणजे खरेदी खात्याच्या, खुर्चीला येत होते, हे तेव्हाही कळत होतंच.

पण तू नव्या ऑफरचा विचार करते आहेस, म्हणून लिहितो. शेवटच्या दिवशी मी नो ड्यूजचा, म्हणजे कंपनीचं काही देणं उरलं नाही असा, कागद घेऊन सह्या गोळा करत हिंडत होतो. स्टोअर, आयटी, टाइम ऑफिस, अगदी कॅन्टीनसुद्धा. लॅपटॉप दिला, आयकार्ड दिलं. माझ्याबरोबर सुटलेल्या एकाने कंपनीचं सिमही परत केलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की बँक, आधार, पीएफ सगळं त्याच नंबराला जोडलेलं आहे. महिनाभर बिचारा ओटीपीसाठी जुन्या ऑफिसात फोन करत होता. तुझा नंबर तुझ्याच नावावर ठेव.

मेडिक्लेमचंही तेच. कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर संपते, आणि पन्नाशीनंतर नवी काढायची तर जुन्या दुखण्यांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मी चाळिशीतच स्वतःची वेगळी काढली, तेव्हा तुझी आई म्हणायची, दोन-दोन हप्ते कशाला? तू आत्ताच काढ, तुझ्या वयाला हप्ता किरकोळ बसेल.

आता तुझ्या ऑफरमधला पगाराचा तो मोठा आकडा. त्यात कंपनीचा १२ टक्के पीएफ बहुधा धरलेला असतो, ग्रॅच्युइटीही धरतात, जी साधारणपणे ५ वर्षं सलग काढल्याशिवाय हातात पडत नाही. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, तर मॅनेजरच्या आणि बाजाराच्या मर्जीवर. हातात दरमहा किती येणार ते एचआरला स्पष्ट विचार. लाजू नकोस, तेही रोज हेच उत्तर देतात. आणि जुना पीएफ काढून गाडी घेऊ नकोस. ५ वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो, शिवाय पेन्शनसाठी १० वर्षांची नोकरी लागते, त्यातली पेन्शनची रक्कमही काढलीस तर ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नव्या कंपनीत ट्रान्सफर कर.

"आपण सगळे एक फॅमिली आहोत" असं टाऊनहॉलमध्ये, म्हणजे कंपनीच्या सगळ्यांच्या सभेत, कुणी म्हणालं तर टाळ्या वाजव, बिघडत नाही. फक्त त्या फॅमिलीच्या भरवशावर होमलोनचा हप्ता वाढवू नकोस.

नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे का ते बघ, ते कलम मला नीट वाचायचंय. शनिवारी येताना ऑफर लेटर घेऊन ये. पहाटे नीघ, नाहीतर चाकणलाच दोन तास जातील.

तुझा,
बाबा